जाहिरातीला ‘नको’ म्हणायची सोय

(सांगलीतील एका व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, आधी एक खुलासा करतो. यूट्यूब आणि ॲडब्लॉकर, म्हणजे जाहिराती अडवणारं साधन, यांच्या भांडणाबद्दल जे काही छापून येतं, ते बहुतेक कॉम्प्युटरवरचं असतं. आपल्याकडं यूट्यूब बघितलं जातं मोबाईलवर, आणि अलीकडं हॉलमधल्या टीव्हीवर. ॲडब्लॉकर हे बहुधा एक्सटेन्शन असतं, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम. तिथं यूट्यूबच्या ॲपमध्ये एक्सटेन्शन टाकायची सोयच नाही. म्हणजे आज मी ज्या लढाईबद्दल बोलणार आहे, तिच्यात समोर बसलेले बहुतेक जण उतरलेलेच नाहीत. निकाल मात्र तुम्हा-आम्हा सगळ्यांना लागू होणार.

झालं असं. २०२३ च्या मध्यावर यूट्यूबनं काही प्रेक्षकांवर एक प्रयोग सुरू केला. व्हिडिओ लावला की मधोमध पाटी यायची : यूट्यूबवर ॲडब्लॉकर चालत नाही, आणखी तीन व्हिडिओ बघा, मग प्लेअर बंद. खाली दोन बटणं. एक जाहिराती येऊ द्या म्हणणारं, दुसरं प्रीमियम, म्हणजे पैसे भरून जाहिरातीविना यूट्यूब, घ्या म्हणणारं. त्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात हा प्रयोग राहिला नाही, जगभरची मोहीम झाली. त्या काळात ॲडब्लॉकर काढून टाकणाऱ्यांची संख्या वाढली आणि नवा ॲडब्लॉकर टाकणाऱ्यांचीही वाढली. लोक जाहिरातींना शरण गेले नव्हते. जो ब्लॉकर पकडला गेला तो टाकून न पकडला जाणारा शोधत होते.

यातला सगळ्यात चिवट निघाला यूब्लॉक ओरिजिन. रेमंड हिल नावाच्या प्रोग्रामरनं तो सुरू केला, फुकट दिला, आणि देणग्याही घेत नाही. काय थांबवायचं याच्या याद्या स्वयंसेवक सांभाळतात. यूट्यूबनं सकाळी पकडायची नवी युक्ती काढावी आणि यांनी संध्याकाळपर्यंत यादी बदलावी, असं तेव्हा आठवडेच्या आठवडे चाललं होतं.

मग दुसरा मोर्चा उघडला, तो ब्राउझरमध्ये. जुन्या पद्धतीत वेबपान जी जी मागणी बाहेर पाठवतं, ती जाण्याआधी एक्सटेन्शनला दिसायची आणि ‘ही जाऊ दे, ही अडव’ असं जागच्या जागी ठरवता यायचं. क्रोमच्या नव्या नियमांत, म्हणजे मॅनिफेस्ट व्ही-३ मध्ये, एक्सटेन्शननं नियमांची यादी आधी ब्राउझरकडं द्यायची आणि अडवायचं काम ब्राउझर करणार. गुगल म्हणतं, हे सुरक्षेसाठी आहे. त्यात तथ्य आहे. तुमची सगळी ये-जा बघू शकणारं एक्सटेन्शन चोराच्या हाती गेलं तर काय होईल ते सांगायला नको. पण ब्राउझर गुगलचा, जाहिरातींचा धंदा गुगलचा आणि यूट्यूबही गुगलचं. तिन्ही टोप्या एकाच डोक्यावर असताना हेतू शुद्ध आहे हे सिद्ध करायची जबाबदारी त्या डोक्याची. २०२४ पासून क्रोमनं जुन्या पद्धतीची एक्सटेन्शनं टप्प्याटप्प्यानं बंद केली. यूब्लॉक ओरिजिनही गेला. क्रोमवर त्याची ‘लाईट’ आवृत्ती उरली.

आता मोबाईलकडं येऊ. तासगाव-पलूस भागातला द्राक्षबागायतदार डोळ्यांसमोर आणा. ऑक्टोबर छाटणी झालीय, बाग पोंग्यात आहे, म्हणजे नवी फूट निघतेय, रात्री पाऊस पडून गेलाय आणि डाऊनी या बुरशीच्या रोगाची भीती आहे. सकाळी तो बागेच्या कडेला उभा आहे, ब्लोअर चालू आहे, हातमोजे औषधानं ओले आहेत, मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत. कोणतं बुरशीनाशक, दोनशे लिटरला किती, कशात मिसळायचं नाही, एवढंच त्याला त्या व्हिडिओतून हवंय. आधी एक जाहिरात, तिच्या मागं दुसरी. प्रमाण सांगायला सुरुवात होते आणि मध्येच तिसरी येते. ‘स्किप’ दाबायला हातमोजा काढावा लागतो. या माणसाला ॲडब्लॉकर हा शब्द ठाऊक नसेल, पण त्या साधनाची गरज या माणसाइतकी कॉम्प्युटरवाल्याला नाही.

टीव्हीला निदान कागदावर मर्यादा आहे. केबल टीव्हीच्या नियमांत तासाला १२ मिनिटांपेक्षा जास्त जाहिराती नकोत : १० मिनिटं व्यापारी, २ मिनिटं वाहिनीच्या स्वतःच्या. तो नियम किती पाळला जातो, हे तुम्ही रोज रात्री बघताच. पण बोट ठेवायला नियम तरी आहे. यूट्यूबवरच्या जाहिरातींना असं माप कोणी घातलेलं नाही.

कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे. एवढे व्हिडिओ साठवायचे, जगभर पोचवायचे, याला खर्च आहे. आणि जाहिरातीचे पैसे एकटी कंपनी खात नाही. पार्टनर असलेल्या, म्हणजे कमाईत वाटा मिळण्याचा यूट्यूबशी करार असलेल्या, वाहिनीला मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातींतले ५५ टक्के मिळतात. आपल्या भागातली पोरं-पोरी शेतीचे, स्वयंपाकाचे, गडकोटांचे व्हिडिओ करतात, त्यांचा त्यावर थोडाफार खर्च निघतो. ब्लॉकर लावला की त्यांच्याही ताटातलं जातं. हा मुद्दा मला मान्य आहे, पण अर्धाच. कारण नोव्हेंबर २०२० पासून यूट्यूबनं पार्टनर नसलेल्या वाहिन्यांच्या व्हिडिओंवरही जाहिराती लावायचा हक्क स्वतःकडं घेतला, आणि तिथं व्हिडिओ टाकणाऱ्याला छदामही मिळत नाही. मिरजेत राहिलेल्या उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्या कुठल्या तरी रसिकानं स्वतःच्या संग्रहातून चढवलेल्या असतात. तबकडी जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. खाँसाहेब १९३७ मध्ये गेले, चढवणाऱ्याला पैसे नकोतच, आणि ठुमरीच्या आधी कर्जाच्या ॲपची जाहिरात वाजते. इथं जाहिरात अडवून कुणाचं ताट ओढलं जातं, ते मला कुणीतरी सांगावं.

बरं, पैसे भरले म्हणजे सुटलो असंही नाही. प्राइम व्हिडिओचं वर्षाचं शुल्क भरलेल्या भारतीय ग्राहकांना जून २०२५ पासून जाहिराती दिसू लागल्या. त्या नको असतील तर वर्षाला आणखी ६९९ रुपये.

आपल्या हळदीच्या सौद्यात शेतकऱ्याला दर पटला नाही तर तो माल देत नाही, पोती परत घेऊन जातो. नेहमी परवडतं असं नाही, पण नाही म्हणता येतं, म्हणून बोली लावणाऱ्यालाही थोडं भान राहतं. प्रेक्षकाच्या हातात असं काय आहे? किती जाहिराती, कुठं, कसल्या, सगळं समोरचा ठरवतो आणि नंतर बदलतोही. ॲडब्लॉकर हा त्याचा एकुलता एक नकार होता. म्हणून मी त्याला चोरी म्हणायला तयार नाही. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानंही २०१८ मध्ये एका मोठ्या प्रकाशन कंपनीच्या दाव्यात ॲडब्लॉकर देणं ही अनुचित स्पर्धा नाही, असाच निकाल दिला होता. आणि नकाराला सुरक्षेचंही कारण आहे. शोधनिकालांत खऱ्या कंपन्यांची नावं घेऊन फसव्या जाहिराती येतात म्हणून अमेरिकेच्या एफबीआयनं डिसेंबर २०२२ मध्ये लोकांना चक्क ॲडब्लॉकर वापरा असा सल्ला दिला.

पण या नकाराच्या नावाखाली आपल्याकडं जे चालतं, त्याची मला काळजी वाटते. व्हॉट्सॲपवर, टेलिग्रामवर एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून थेट टाकायचं ॲप, फिरते : ‘जाहिरातीविना यूट्यूब, लगेच टाका.’ व्हान्स्ड नावाचं असं ॲप कायदेशीर दबावामुळं मार्च २०२२ मध्ये बंद झालं. त्याच्या मागून आलेल्या रीव्हान्स्डचे लोक तयार ॲप वाटत नाहीत, मूळ ॲपला पॅच लावायचं, म्हणजे त्यात फेरफार करायचं, साधन देतात. मग ग्रुपवर आलेली ती तयार फाइल कुणाची? ज्या मोबाईलवर तुमचं यूपीआय आहे, ओटीपी येतात, त्याच मोबाईलवर तुम्ही ती टाकताय. पुतण्यानं पाठवली असली तरी टाकू नका. पुतण्यालाही ती कुणीतरी पाठवलेलीच असते. काही जण सेटिंगमध्ये जाऊन प्रायव्हेट डीएनएस बदलतात, म्हणजे साइटचा पत्ता शोधून देणारी सेवाच अशी निवडतात की जाहिरातींचे पत्ते मिळूच नयेत. बातम्यांच्या साइटवर त्याचा चांगला उपयोग होतो, यूट्यूबवर होत नाही, कारण तिथं व्हिडिओ आणि जाहिरात एकाच दारातून येतात. त्याच्याही पुढं जाऊन जाहिरात व्हिडिओच्या प्रवाहातच शिवून पाठवायचा प्रयोग २०२४ मध्ये झालेला आहे.

मगाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवलीय : मग आम्ही पैसे भरायचे की नाही? बघण्यावर आहे. भारतात प्रीमियम महिन्याला १२९ रुपये होतं, ऑगस्ट २०२४ मध्ये १४९ झालं; कुटुंबाचा प्लॅन १८९ वरून एकदम २९९ वर गेला. २०२५ मध्ये प्रीमियमचंच ८९ रुपयांचं ‘लाईट’ आलं. त्यात बहुतेक व्हिडिओंवरच्या जाहिराती जातात, पण गाण्यांवर आणि शॉर्ट्सवर राहू शकतात. शेतीचे, स्वयंपाकाचे व्हिडिओ बघणाऱ्याला ते पुरेल. घरात दिवसभर अभंग लावून ठेवणाऱ्यानं त्याच्या नादी लागू नये. आणि घरी कॉम्प्युटर असेल तर फायरफॉक्स टाकून घ्या. यूब्लॉक ओरिजिन तिथं अजून पूर्वीसारखा चालतो. अँड्रॉइडच्या फायरफॉक्समध्येही तो टाकता येतो, फक्त यूट्यूब ॲपमध्ये न उघडता तिथं उघडायचं.