सल्फा अडतं, पाबा आत जातो : एन्झाइमला हे कळतं कसं?

नमस्कार मंडळी! मेथी, पालक, डाळी यांतून आपल्याला फोलेट मिळतं, म्हणजे बी-९ जीवनसत्त्व. आपलं शरीर ते बनवू शकत नाही, बरेचसे बॅक्टेरिया मात्र बनवतात. त्यासाठी त्यांच्याकडे डीएचपीएस नावाचं एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन, असतं. ते पाबा नावाचा छोटासा रेणू टेरिनच्या रेणूला जोडतं.

सल्फाची औषधं दिसायला पाबासारखीच. एन्झाइम फसतं, फोलेट बनणं थांबतं, बॅक्टेरियाची वाढ खुंटते. पण काही बॅक्टेरियांकडे याच एन्झाइमचा 'सल' नावाचा प्रकार असतो, आणि तो फसत नाही!

एमिल फिशरनं १८९४ मध्ये कुलूप-किल्लीची कल्पना मांडली. इथे ती पुरत नाही, कारण पाबाची जागा आधीपासून तयारच नसते. आधी टेरिन येऊन बसतं, मग एन्झाइमचे दोन सैल पट्टे दुमडतात, आणि तेव्हा कुठे पाबाला जागा होते. एन्झाइमचे स्फटिक करून क्ष-किरणांनी त्याचं चित्र काढतात, पण त्यात हे हलते भाग बरेचदा दिसतच नाहीत. म्हणून कॉम्प्युटर लागतो.

एन्झाइम, त्याच्याभोवतीचं पाणी, सगळे अणू मांडायचे. प्रत्येकावर किती बल आहे ते काढायचं आणि न्यूटनच्या नियमानं तो किंचित सरकवायचा. एक पाऊल साधारण २ फेम्टोसेकंदांचं (फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या एक अब्जांशाचा दहा लाखावा भाग). म्हणजे एका मायक्रोसेकंदासाठी, सेकंदाच्या दहा लाखाव्या भागासाठी, ५० कोटी पावलं! एवढ्या आकडेमोडीला महासंगणक हवा. आपल्या पुण्यात, पाषाणच्या आयसर या विज्ञानसंस्थेत, सीडॅक या सरकारी संगणक-संस्थेचा 'परम ब्रह्म' आहे तो अशाच जातीचा.

आता 'सल'कडे या. त्यात पाबाच्या जागेपाशी दोन जादा अमिनो आम्लं (प्रथिनाच्या साखळीतले मणी) आहेत : फेनिलअ‍ॅलॅनिन आणि ग्लायसिन. पाबा लहान, तो आरामात बसतो. सल्फाचं शेपूट त्या जागेबाहेर येतं आणि फेनिलअ‍ॅलॅनिनला अडतं. ते फेनिलअ‍ॅलॅनिन काढून टाकलं की सल्फा पुन्हा लागू पडतं. शिवाय 'सल'ची ही जागा साध्या डीएचपीएसपेक्षा जास्त हलती असते. मला तर हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं : ओळख पटते ती आकारावरून, आणि हालचालीवरूनही.

एक मर्यादा मात्र सांगायलाच हवी. न्यूटनच्या या हिशेबात रासायनिक बंध तुटत नाहीत. टेरिन आणि पाबा प्रत्यक्ष जुळतात तेवढ्या भागाला क्वांटमचं, म्हणजे इलेक्ट्रॉनांचा हिशेब ठेवणारं, गणित लावावं लागतं, बाकीचं एन्झाइम साध्या हिशेबावर चालतं. कारप्लस, लेविट आणि वॉर्शेल यांना २०१३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते अशा जोडगणिताचा पाया घातल्याबद्दल.