४५ किलोमीटर, १४ वर्षं

कोजागरीला सोलापुरातून हजारो माणसं तुळजापूरला चालत निघतात, संध्याकाळी नाका सोडला की रात्रभर चालून, घाट चढून सकाळी आईच्या दारात. अंतर साधारण ४५ किलोमीटर. मंगळावर ऑपॉर्च्युनिटी नावाचं रोव्हर, म्हणजे नासाची चाकांवरची यंत्रगाडी, जन्मभरात चाललं ते एवढंच, ४५.१६ किलोमीटर, आणि त्याला १४ वर्षं लागली.

एवढा वेळ का? तर तिथं ड्रायव्हर नाही. इथनं सिग्नल पोचायलाच ३ ते २२ मिनिटं लागतात, समोर वाळू दिसली म्हणून ब्रेक म्हणावं तोवर चाकं रुतलेली असणार. म्हणून नासाची टीम आदल्या दिवशीचे फोटो बघून पुढच्या दिवसाचा सगळा प्रोग्राम लिहून पाठवायची, मग रोव्हर चालायचं, थांबायचं, परत फोटो पाठवायचं. मंगळाचा दिवस आपल्यापेक्षा जवळपास ४० मिनिटांनी मोठा, त्यामुळे सुरुवातीला टीमची ड्युटी रोज तेवढी पुढं सरकायची, आज सकाळी तर काही दिवसांनी मध्यरात्री. घरच्यांचे काय हाल झाले असतील, विचार करा!

२५ जानेवारी २००४ ला हे रोव्हर एअरबॅगमध्ये गुंडाळलेलं, उड्या मारत मारत ईगल नावाच्या छोट्या विवरात जाऊन थांबलं. काम ठरलेलं ९० दिवसांचं. तिथल्याच खडकात हेमॅटाइट या लोहखनिजाच्या बारीक गोळ्या सापडल्या, म्हणजे इथं कधीकाळी पाणी होतं हे कळलं. पण ते पाणी आम्लाचं, जीव जगायला अवघड.

मला खरं मोठं वाटतं ते याच्या पुढचं. २००८ मध्ये व्हिक्टोरिया विवरातलं काम संपलं आणि टीमने ठरवलं, आता एन्डेव्हरला जायचं. हे विवर २२ किलोमीटर रुंद, तिथले खडक आणखी जुने, पण पोचायचं म्हणजे तोवर झालेल्या प्रवासापेक्षा जास्त चालायचं, तेही मुदत कधीच संपलेल्या गाडीनं जिचं पुढचं उजवं चाक जास्त करंट ओढत होतं. मग काय, चाकाला आराम म्हणून बराचसा रस्ता उलटं चालवत नेली! वाटेत मरू शकेल हे माहीत असूनही निघाले, आणि ऑगस्ट २०११ ला पोचले. तिथं पाण्यातून साचणाऱ्या जिप्समच्या पांढऱ्या शिरा मिळाल्या, नंतर चिकणमातीची खनिजं मिळाली, जी कमी आम्लाच्या पाण्यात बनतात, म्हणजे जीव जगू शकेल असं पाणी. ईगलपाशीच समाधान मानलं असतं तर त्या भागातलं हे पाणी कळलंच नसतं.

अडचण एकच, वीज उन्हाची. पॅनलवर धूळ साचायची, मग वारा येऊन ती झाडून जायचा, अशीच वर्षं निघाली. जून २०१८ मध्ये मात्र अख्ख्या ग्रहावर धुळीचं वादळ उठलं, दिवसाला ६४५ वॉट-तास मिळणारी वीज थोड्याच दिवसात २२ वर आली, आणि १० जूननंतर काही उत्तर नाही. टीमने हजारावर कमांड पाठवल्या, शेवटी १३ फेब्रुवारी २०१९ ला मिशन संपल्याचं जाहीर केलं.

२०१२ ला उतरलेलं क्युरिऑसिटी रोव्हर मात्र प्लुटोनियमच्या उष्णतेवर वीज बनवतं, म्हणून त्याच वादळात ते काम करत राहिलं, आणि २०२१ ला उतरलेल्या पर्सिव्हिअरन्सलाही तशीच बॅटरी बसवलीय.