सांभरचं पाणी आटतं तसं

(दृश्य: पहाट. पांढरा काठ, दूरवर गुलाबी रेघ.)

जयपूरच्या नैऋत्येला, साधारण ८० किलोमीटरवर सांभर. देशाच्या अंतर्भागातलं सर्वांत मोठं खारं सरोवर. समुद्र कुठल्या कुठे, तरी पायाखाली मीठ करकरतं. मेंढा आणि रूपनगढ या नद्या इथवर येतात आणि इथेच थांबतात. पाणी उन्हात उडून जातं, क्षार मागे राहतात.

पावसाळा सरताना सरोवर भरलेलं असतं. तेव्हाही सर्वांत खोल जागी पाणी जेमतेम तीन मीटर. पावसाने खारटपणा थोडा उतरलेला असतो. अशा वेळी उत्तरेकडून थवे येऊ लागतात. थापट्या, तलवार बदक, हिमालयापलीकडच्या पठारांवरचे चक्रवाक.

(दृश्य: थापट्या, जवळून.)

ही चोच नीट बघा. फावड्यासारखी पसरट, कडांना कंगव्यासारखे दाते. उथळ पाणी गाळून खाण्यासाठीच घडलेली.

उन्हाळा जवळ येतो, बदकं परततात. पाणी आटून दाट होतं, हिरवट होतं. रोहितांना, म्हणजे फ्लेमिंगोंना, हेच पाणी मानवतं. त्यात स्पिरुलिना नावाची सूक्ष्म निळी-हिरवी शेवाळी वाढते. ‘छोटा रोहित’ या जातीचा पक्षी मान खाली घालून, चोच उलटी धरून, जिभेने पाणी आत-बाहेर ढकलत ती गाळतो. पिसांचा गुलाबी रंगही या अन्नातूनच येतो. रोहित पाण्याच्या मागे फिरतो. सांभर कोरडं पडलं की तो दुसरीकडे जातो. कच्छच्या रणात पाणी साचलं की तिथे चिखलाची घरटी बांधतो.

(दृश्य: रिकामा चिखल. पार्श्वसंगीत थांबवा.)

नोव्हेंबर २०१९. याच काठावर पक्षी मरून पडू लागले. सरकारी आकडाच १८ हजारांच्या वर गेला. कारण निघालं बॉट्युलिझम. चिखलातला एक जीवाणू मेलेल्या पक्ष्यात वाढतो, विष तयार करतो. कलेवरात अळ्या पडतात, त्यांच्यात ते विष उतरतं. भुकेला पक्षी अळ्या टिपतो. आधी पंख लुळे पडतात, मग पाय. शेवटी मान सावरत नाही आणि वीतभर पाण्यात तो बुडतो. हजारो मैल उडून आलेला पक्षी, वीतभर पाण्यात! त्याचं कलेवर पुढच्या अळ्यांना पुरतं.

ही साखळी तोडायची तर मेलेला पक्षी दिसताच उचलावा लागतो. त्या हिवाळ्यात माणसं चिखलात उतरून तेच करत होती. पोत्यांमागून पोती भरत होती, आणि एखादा जिवंत सापडला की त्याला काठावर आणून चोचीत थेंब थेंब पाणी सोडत होती.