ताक किती वेळचं आहे?

(दृश्य: स्वयंपाकघराचा ओटा. पातेल्यात रवी घुसळते आहे.)

जेवणावर पेलाभर ताक झालं. तासाभरात मान लाल, डोकं ठणकतंय, हातावर गांधी. घरातलं कुणीतरी म्हणतं, "पित्त उठलंय. आमसुलाचं पाणी लाव, आणि अजून थोडं ताक घे."

हिस्टामिन हे काही पदार्थांत असणारं, ॲलर्जीसारखी लक्षणं उठवणारं रसायन. ते न सोसणाऱ्या माणसाची कोंडी इथेच होते. घरातल्यांचा जीव तुटत असतो, आणि बाधणारी वस्तू त्यांच्याच हातून पुढे येते.

अन्नातलं हिस्टामिन मोडण्याचं काम लहान आतड्यात डीएओ नावाचं विकर (एन्झाइम) करतं. ते कमी पडलं, की हिस्टामिन रक्तात उतरतं. पेय आंबताना काही जिवाणू हिस्टिडिन या अमिनो आम्लापासून हिस्टामिन बनवतात. त्यामुळे रात्री विरजलेल्या दह्याचं ताजं ताक एखाद्याला चालतं, तीन दिवसांचं आंबट ताक चालत नाही. त्या ताकाची कढी केली तरी सुटका नाही. उकळीने जिवाणू मरतात, हिस्टामिन तसंच राहतं.

(दृश्य: नाशिकजवळचा द्राक्षमळा.)

वाइनचा मार दुहेरी. आंबवताना तयार झालेलं हिस्टामिन त्यात असतंच, शिवाय अल्कोहोल डीएओचं काम मंदावतं. रेड वाइनमध्ये हिस्टामिन सहसा व्हाइटपेक्षा जास्त. बिअर, कोंबुचा, ताडी याच रांगेतल्या. नीरा पहाटेची गोड असते, पण ऊन चढेल तशी तीही आंबू लागते.

मग प्यायचं काय? साधं पाणी. समोर फोडलेलं शहाळं. वाळ्याचं पाणी, धण्याजिऱ्याचं पाणी. दूध पचत असेल तर ताजं दूध.

लिंबू वर्ज्य करण्याची मात्र घाई नको. त्यात हिस्टामिन फारसं नसतं. तरी काहींना ते बाधतं, पण त्यामागचा पुरावा तोकडा आहे. ऐकीव यादीवरून उन्हाळ्यातलं लिंबू सरबत तोडणं मला अन्यायाचं वाटतं. खात्रीने निदान करणारी एकच अशी रक्ततपासणी नाही. त्यामुळे डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याने काही आठवडे संशयित पेयं बंद ठेवायची, मग एकेक परत घेऊन पाहायचं. मात्र ओठ सुजले, श्वास लागला, तर ती ॲलर्जीची आणीबाणी असू शकते. तेव्हा थेट रुग्णालय गाठायचं.

(दृश्य: फ्रिजवर चिकटवलेला कागद, पेन धरलेला हात.)

सोमवार, सकाळ. अर्धा पेला लिंबू सरबत. दुपारपर्यंत काही नाही.