बेरीज एक आली, तरी उत्तर चुकतं

संगणकाच्या पडद्यावर डावीकडून सरकत येतोय तो इलेक्ट्रॉनचा तरंगपुंज, म्हणजे इलेक्ट्रॉन कुठे सापडेल ते सांगणारा लहरींचा झुबका. मधली उभी पट्टी म्हणजे अडथळा. पुंजाची ऊर्जा 2, अडथळ्याची उंची 2.5, रुंदी 1. न्यूटनच्या हिशोबाने कण इथून मागे फिरायला हवा. श्रोडिंगरच्या 1926 च्या समीकरणाप्रमाणे मात्र काही भाग पलीकडे निघतो. किती, ते मोजायला शंभरेक ओळींचा घरचा प्रोग्रॅम पुरतो.

एककं आण्विक, म्हणजे अणूच्या मापाची: इलेक्ट्रॉनचं वस्तुमान 1, एच-बार (2π ने भागलेला प्लांकचा स्थिरांक) 1. -102.4 पासून 102.4 पर्यंत 1024 बिंदू, दोन बिंदूंत 0.2 अंतर. प्रत्येक बिंदूवर एक संमिश्र संख्या; तिच्या मापाचा वर्ग कण तिथे सापडण्याची संभाव्यता देतो. पुंज सोडायचा -40 वर, रुंदी 8, तरंगांक (लहरी किती दाट ते सांगणारा आकडा) 2.

शेजारच्या बिंदूंतल्या फरकावरून बदल काढून, त्याला 0.01 या कालपावलाने गुणून मिळवत जाणं, ही ऑयलरची सरळ रीत इथे फसते. सगळ्यात बारीक लहरी दर पावलाला 12 टक्क्यांनी फुगतात. सुरुवातीला त्या सोळाव्या दशांश स्थळी दडलेल्या असतात. तीन-चारशे पावलांत पुंज त्यांच्याखाली गाडला जातो.

म्हणून स्प्लिट-ऑपरेटर, म्हणजे विभव (स्थितिज ऊर्जा, इथे अडथळा) आणि गतिज ऊर्जा यांची पावलं वेगळी टाकणारी रीत. विभवाचं अर्धं पाऊल, मग एफएफटी (लाटेतले वेगवेगळ्या तरंगांकांचे घटक सुटे करणारं गणित), तिथे गतिज ऊर्जेचं पूर्ण पाऊल, उलटी एफएफटी, पुन्हा विभवाचं अर्धं. यात दर वेळी फक्त कला (संमिश्र संख्येचा कोन) फिरते, त्यामुळे संभाव्यतेची बेरीज 1 राहते. आणि नेमकी तीच बेरीज बघून लोक निर्धास्त होतात.

सी++ मध्ये एफएफटीडब्ल्यू ही एफएफटीची तयार लायब्ररी वापरताना 1024 ने भागायला विसरलात, तर बेरीज लगेच ओरडते. बाकी चुकांवर ती गप्प बसते. एफएफटी तरंगांक आधी शून्य आणि धन, मग ऋण अशा क्रमाने देते. चढत्या क्रमाची यादी लावली तर गती साफ चुकते, बेरीज तरी 1. कालपाऊल 0.025 च्या वर नेलं, तर मोठ्या तरंगांकांची कला एका पावलात अर्ध्या फेरीपलीकडे जाते. पाऊल निम्मं करून चूक चौथाईवर येते का, ते बघावं.

त्यातूनही सुटते ती अडथळ्याची चूक. अट ‘0 ते 1, दोन्ही धरून’ अशी लिहिली की पाचाऐवजी सहा बिंदू आत येतात, म्हणजे रुंदी 1.2. पलीकडे जाणारा भाग सूत्राने 0.32 च्या आसपास यायला हवा, तो 0.22 वर घसरतो. दशांशांची तुलना नकोच. बिंदूंचे क्रमांक मोजून अडथळा भरावा.

एफएफटीला दोन टोकं जोडलेलीच दिसतात. साधारण 70 एकक वेळेनंतर उजवीकडून गेलेला पुंज डावीकडून आत शिरतो. जास्त वेळ चालवायचं असेल, तर टोकाच्या 20 एककांत लाट शोषून घेणारा ऋण काल्पनिक विभव ठेवावा, हळूहळू चढवत. एकदम उभा केला, तर तोच पुंजाला परत फेकतो. आता बेरीज 1 च्या खाली जाईल, आणि ती जायलाच हवी.