घर सांभाळलं, लोकर कातली, आणि बाकीचं?

नमस्कार मंडळी. आज सुरुवात एका थडग्यावरच्या मजकुरानं करते. रोम शहरातला, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातला. रस्त्यानं जाणाऱ्या माणसाला तो थांबवतो आणि म्हणतो, पाहुण्या, मला फार नाही सांगायचं, जरा थांब आणि वाच. इथे एका सुंदर बाईची ही काही सुंदर नसलेली समाधी आहे. आईवडिलांनी तिचं नाव क्लॉडिया ठेवलं. नवऱ्यावर तिचा मनापासून जीव होता. दोन मुलगे झाले, एक जमिनीवर आहे, एक जमिनीखाली. बोलणं गोड, चालणं डौलदार. घर सांभाळलं, लोकर कातली. सांगून झालं. जा आता.

बस, एवढंच. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या "एक जमिनीखाली" वर अडकले, पुढे वाचवेनाच. नंतर कितीतरी दिवसांनी लक्षात आलं की "लोकर कातली" हे तिचं एकटीचं वर्णन नाहीच, ते चांगल्या बाईचं ठरलेलं विशेषण होतं, आपल्याकडे शोकसंदेशात "प्रेमळ आणि मनमिळाऊ" लिहितात ना, तसं. सम्राट ऑगस्टससुद्धा मिरवायचा की माझे घरातले कपडे बायको, बहीण, मुलगी यांच्या हातचे आहेत. म्हणजे दगडावर जे कोरलंय ते क्लॉडियाचं आयुष्य किती आणि समाजाला हवी असलेली बाई किती, हे वेगळं करत बसायचं, प्राचीन रोममधल्या बायकांचा अभ्यास म्हणजे बराचसा हेच काम आहे.

कारण लिहिणारे जवळजवळ सगळे पुरुष, आणि तेही वरच्या वर्गातले. इ.स.पू. 195 ची गोष्ट घ्या. त्याआधी वीस वर्षं युद्धाच्या काळात ओपियन कायदा आला होता, बायकांनी अर्ध्या औंसापेक्षा जास्त सोनं बाळगायचं नाही, रंगीबेरंगी कपडे घालायचे नाहीत, शहरात घोडागाडीत बसायचं नाही. युद्ध संपलं तरी कायदा तसाच, तेव्हा बायका घराबाहेर पडल्या, फोरमकडे, म्हणजे शहराच्या मुख्य चौकाकडे, जाणारे रस्ते त्यांनी भरून टाकले, येणाऱ्याजाणाऱ्या पुरुषांना अडवून सांगायला लागल्या की हा कायदा काढा, आणि शेवटी तो काढायला लावला. केवढी मोठी गोष्ट आहे! पण ही आपल्याला सांगतो कोण, तर इतिहासकार लिव्ही, दीडशेहून जास्त वर्षांनंतर, आणि त्याच्या पुस्तकात लांबलचक भाषणं आहेत ती कायदा राहू द्या म्हणणाऱ्या कॅटोची आणि त्याच्या विरोधकाची. रस्त्यावरच्या बायका त्यात दिसतात, पण त्यांचं बोलणं ऐकू येत नाही.

हॉर्टेन्सियाचं जरा वेगळं. इ.स.पू. 42 मध्ये राज्यकर्त्यांनी 1400 श्रीमंत बायकांवर युद्धासाठी टॅक्स बसवायचं ठरवलं तेव्हा ती भर फोरममध्ये उभी राहिली. तिचं म्हणणं साधं होतं, ज्या राज्यकारभारात, पदांत, मानसन्मानात आम्हाला वाटा नाही त्यासाठी आम्ही पैसे का भरायचे? आकडा 1400 वरून 400 वर आला. तिचं भाषण पुढे शंभरेक वर्षांनीही वाचलं जात होतं, वक्तृत्वाचा शिक्षक क्विंटिलियन सांगतो की ती बाई होती म्हणून कौतुकापोटी नव्हे, तर भाषण चांगलं होतं म्हणून. मूळ भाषण आज नाही, एका इतिहासकारानं आपल्या शब्दांत लिहिलेलं तेवढं उरलंय. मला याची फार हळहळ वाटते, अगदी खरं सांगते.

नावांचंही बघा ना. ज्युलियस घराण्यातली मुलगी ज्युलिया, कॉर्नेलियस घराण्यातली कॉर्नेलिया, दोन बहिणी असल्या तर थोरली आणि धाकटी, तिसरी आली तर तिसरी. मात्र लग्नानंतर हे नाव बदलायचं नाही, माहेरचंच कायम राहायचं, आपल्याकडच्या कितीतरी जणींना हे ऐकून आश्चर्य वाटेल. मालमत्ता नावावर असायची, पण मोठ्या व्यवहाराला पालक म्हणून एका पुरुषाची संमती लागायची, आणि ऑगस्टसच्या कायद्यानं तीन मुलं झालेल्या, जन्मानंच स्वतंत्र असलेल्या बाईला त्यातून सूट मिळायची. गुलाम असून मुक्त झालेली असेल तर चार.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. उत्तर इंग्लंडमध्ये विंडोलांडा म्हणून रोमन लष्करी ठाणं होतं. तिथल्या ओल्या, हवा न पोचणाऱ्या मातीत लाकडाचे अगदी पातळ काप टिकून राहिले, साधारण पोस्टकार्डाएवढे, शाईनं लिहिलेले. त्यातलं एक पत्र आहे सन 100 च्या आसपासचं. क्लॉडिया सेवेरा नावाच्या बाईनं सुल्पिसिया लेपिडिनाला लिहिलंय, दोघींचेही नवरे लष्करी अधिकारी, वेगवेगळ्या ठाण्यांवर. पत्र म्हणजे वाढदिवसाचं आमंत्रण! 11 सप्टेंबरला माझा वाढदिवस आहे, बहिणी तू ये, तू आलीस तर दिवस आणखी छान जाईल, तुझ्या सेरियालिसला नमस्कार सांग, माझा एलियस आणि छोटा मुलगा त्यांना नमस्कार सांगतात. हे सगळं लेखनिकाच्या हातचं, नेटक्या अक्षरातलं. आणि मग खाली अक्षर बदलतं. जरा ओबडधोबड, सवय नसलेल्या हाताचं. तिथे सेवेरानं स्वतः लेखणी घेतलीय आणि लिहिलंय, मी तुझी वाट बघेन बहिणी, सुखी राहा, माझ्या जिवा, लाडके. बाईच्या हातचं लॅटिन अक्षर म्हणून जे सर्वात जुने नमुने आहेत त्यात हे धरतात. इथे मध्ये कुणी लिव्ही नाही, कुणी कवी नाही, नवरा काय कोरून घेतोय तेही नाही. दूरच्या थंडगार सरहद्दीवरची एक बाई मैत्रिणीला ये म्हणतेय, बास.

त्याच मातीत चामड्याच्या चपला-बूटही सापडले, हजारोंनी, आणि त्यात बायकांचे आणि लहान मुलांचेसुद्धा आहेत. साध्या सैनिकाला तेव्हा कायद्यानं लग्न करता येत नव्हतं, कागदावर तिथे बायका नव्हत्याच! पण सैनिकांच्या खोल्यांच्या जागीही हे छोटे बूट निघाले म्हटल्यावर काय समजायचं ते समजतं. कायद्याचं पुस्तक वाचणाऱ्याला ही घरं कधी दिसलीच नसती.

आणि एक रेजिना. उत्तर इंग्लंडमध्येच टाइन नदीच्या मुखाशी, साउथ शील्ड्सला तिचं थडगं सापडलं. ती ब्रिटनमधल्याच कॅटुवेलौनी जमातीची, गुलाम झालेली. बाराटेस नावाच्या माणसानं, जो पार सीरियातल्या पाल्मायराहून आलेला, तिला मुक्त केलं आणि तिच्याशी लग्न केलं. तीस वर्षांची असताना ती गेली. दगडावर ती खुर्चीत बसलीय, दागिन्यांची पेटी उघडतेय, मांडीवर टकळी, बाजूला लोकरीच्या गुंड्यांची टोपली. परत तीच लोकर. चेहरा मात्र फुटलेला आहे. खाली लॅटिन मजकूर आहे, आणि त्याखाली नवऱ्याच्या मायबोलीतली एक ओळ: रेजिना, बाराटेसनं मुक्त केलेली, हाय. मला त्याचं दुःख खरं वाटतं, पण तिला आधी मालकीचं असणं आणि मग बायको होणं कसं वाटलं असेल हा प्रश्न मी सोडू शकत नाही, आणि कुणी सोडू नये असं माझं मत आहे. रोममधल्या असंख्य बायका गुलाम होत्या, त्यांच्यातल्या बहुतेकींना दगडसुद्धा मिळाला नाही. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्या लोकांनी गावोगाव फिरून लिहून घेतल्या म्हणून निदान ते शब्द तरी राहिले, रोमच्या बायका लोकर कातताना काय गुणगुणायच्या ते आपल्यापर्यंत आलं नाही.

बाकी कामं कितीतरी होती, हे शिलालेखच सांगतात. सुईण, दाई, वैद्य, केशरचना करणारी, लोकर तोलून कातणाऱ्यांना वाटून देणारी. इटलीतल्या पॉम्पेई गावात यूमाकिया म्हणून पुजारीण होती, तिनं फोरमवर भलीमोठी इमारत बांधली, आणि कपडे धुणाऱ्या, खळ काढणाऱ्या कारागिरांनी तिचा पुतळा उभा केला. त्याच गावात ज्युलिया फेलिक्सनं भिंतीवर नोटीस रंगवून घेतली होती, स्नानगृह, दुकानं, वरच्या खोल्या पाच वर्षांसाठी भाड्यानं देणे आहे. "घर सांभाळलं" मध्ये हे कुठे बसवायचं सांगा!

आपल्याशी नातं आहे का, तर आहे. रोमन लेखक प्लिनी तक्रार करतो की भारत, चीन आणि अरबस्तान मिळून दरवर्षी 10 कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) खेचून नेतात, आपले चैनीचे शौक आणि आपल्या बायका एवढ्याला पडतात म्हणून. आपल्या मराठवाड्यातल्या तेरचं कापड तेव्हा भडोच बंदरात जात होतं. आणि पॉम्पेईच्या एका घरात हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, भारतात घडवलेली, तशाच धाटणीची मूर्ती जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला मिळालीय. प्लिनीनं बोट बायकांकडे दाखवलं, पण भारतातून जाणारी मिरी सगळं घर खात होतं की.

सेवेराच्या पत्राचा फोटो इंटरनेटवर कुणालाही बघता येतो, मूळ पत्र ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. बघाल तेव्हा लॅटिन येत नाही म्हणून लगेच बंद करू नका, उजव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात जा, अक्षर बदललेलं लगेच कळतं.