गाडी पास, मालकाचं काय?

[दृश्य: उतारावरचा अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना दगडी घरं. कॅमेरा वरून खाली सरकतो.]

बाथ. इंग्लंडच्या नैर्ऋत्येचं एक देखणं शहर. रोमन लोकांनी बांधलेली गरम पाण्याची कुंडं बघायला जगभरातून माणसं इथे येतात. शहर एखाद्या परातीसारखं आहे: मध्ये नदी आणि कडेनं टेकड्या. त्यातल्या लॅन्सडाउन टेकडीवरून वेस्टन नावाच्या वस्तीत हा रस्ता उतरतो, लॅन्सडाउन लेन. वरंधा किंवा कुंभार्ली उतरलेल्या माणसाला हा काही घाट वाटायचा नाही. पण 32 टनी डंपर भरून इथे आणला, तर हाच रस्ता घाटासारखा वागतो.

9 फेब्रुवारी 2015. सोमवार. दुपारचे चार वाजत आलेले. भरलेला डंपर उतरत असताना त्याचे ब्रेक लागेनात. आजीबरोबर रस्ता ओलांडणारी चार वर्षांची मुलगी त्याखाली आली. पुढे एका मोटारीतले तीन पुरुष गेले. आजी गंभीर जखमी झाली. डंपर आडवा झाला, तेव्हा कुठे थांबला.

गाडी चालवत होता एक तरुण मुलगा. जड वाहनाचं लायसन्स नुकतंच हातात पडलेलं.

इथे थोडं थांबू या. हीच बातमी आपल्याकडच्या पेपरात कशी आली असती? "भरधाव डंपरने चौघांना चिरडले, चालकावर गुन्हा दाखल." आणि त्याखाली ठरलेलं वाक्य, "चालक फरार."

ब्रिस्टलच्या क्राउन कोर्टात निकाल वेगळा लागला. डिसेंबर 2016 मध्ये ज्युरीनं ड्रायव्हरला निर्दोष सोडलं. दोषी ठरले दोघे: गाड्यांचा मालक आणि गाड्या तपासणारा मेकॅनिक. गुन्हा, निष्काळजीपणातून मनुष्यवध. जानेवारी 2017 मध्ये मालकाला साडेसात वर्षं आणि मेकॅनिकला सव्वापाच वर्षं कैद झाली.

अपघाताच्या वेळी मालक स्टीअरिंगवर नव्हता. पण ते ब्रेक त्या दिवशी अचानक गेलेले नव्हते. ब्रेक ज्या अवस्थेत होते, त्या अवस्थेत गाडी रस्त्यावर कोणी सोडली, हा तिथला प्रश्न होता. आणि तो प्रश्न तिथे फौजदारी कोर्टापुरता नाही. मालवाहतुकीची त्यांची सगळी परवाना पद्धतच त्या प्रश्नावर उभी आहे.

[दृश्य: साधी खोली. लांब टेबल, फायलींचे गठ्ठे, पाण्याचे ग्लास.]

ही खोली कोर्टासारखी वाटते, पण कोर्ट नाही. टेबलाच्या त्या बाजूला बसतात ट्रॅफिक कमिशनर. नाव ऐकून चौकातली शिट्टी आठवेल, पण पोलिसांशी यांचा संबंध नाही. ब्रिटनचे वाहतूक मंत्री यांची नेमणूक करतात, पण निकाल देताना यांना मंत्र्यांचंही ऐकावं लागत नाही. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स मिळून आठ विभाग आहेत, आणि त्या त्या विभागात मालवाहू गाड्यांचा धंदा कोणी करायचा, हे तिथला कमिशनर ठरवतो. उत्तर आयर्लंडचा कायदा निराळा.

साडेतीन टनांवरची गाडी धंद्यासाठी चालवायची, तर 'ऑपरेटर्स लायसन्स' लागतं. ते गाडीला मिळत नाही. ते माणसाला किंवा कंपनीला मिळतं, आणि किती गाड्यांपर्यंत ते चालेल, हा आकडा त्यावर लिहिलेला असतो. गाड्या येतील, विकल्या जातील, बदलतील. परवाना मालकाच्या मानेवर असतो.

मग मालकाची परीक्षा घेतात ती कशी?

आधी खिसा बघतात. दुसऱ्यांचा माल भाड्यानं वाहायचा असेल, तर पहिल्या गाडीमागे 8,000 पौंड आणि पुढच्या प्रत्येक गाडीमागे 4,500 पौंड हाताशी असल्याचं दाखवावं लागतं. दहा गाड्या म्हणजे 48,500 पौंड. ही फी नाही, हे पैसे मालकाचेच राहतात. पण ज्याच्याकडे ब्रेकचे लायनर बदलायला पैसे नाहीत, तो लायनर बदलणार नाही, एवढा साधा हिशेब त्यामागे आहे. टायर अजून एक खेप काढेल, ब्रेकचं पुढच्या महिन्यात बघू, हे वाक्य कुठल्याही भाषेत रिकाम्या खिशातूनच निघतं.

मग माणूस. भाड्याचा माल वाहणाऱ्या प्रत्येक धंद्याला एक ट्रान्सपोर्ट मॅनेजर नेमावा लागतो, आणि तो परीक्षा पास झालेला लागतो. नावापुरता साहेब चालत नाही. बाहेरून भाड्यानं आणलेला मॅनेजर असेल, तर त्याला जास्तीत जास्त चार धंदे आणि सगळ्या मिळून 50 गाड्या सांभाळता येतात. कागदावर एकच माणूस दोनशे गाड्यांचा मॅनेजर, ही सोय त्यांनी बंद केली.

आणि मग गाडी उभी करायची जागा. हे मला सगळ्यात आवडलं. रात्री गाड्या कुठे उभ्या राहणार, ती जागा अर्जात लिहायची आणि स्थानिक वर्तमानपत्रात तशी जाहिरात द्यायची. शेजारच्या माणसाला ती वाचून हरकत घेता येते: पहाटे चारला इंजिनं सुरू होतील, धूर होईल, माझ्या घरासमोरून बत्तीस टनी गाड्या वळतील. हरकत घ्यायला 21 दिवस. आपल्याकडे रात्री सोसायटीच्या गेटसमोर ट्रक लागला की आपण वॉचमनला झापतो, आणि वॉचमन क्लीनरला. विषय तिथेच संपतो.

[दृश्य: पहाट. अंगावर पिवळं जाकीट, हातात टॉर्च. एक जण ट्रकभोवती फिरतोय.]

परवाना मिळाला म्हणजे मालकानं काही वचनं दिली. गाडी ठरलेल्या अंतरानं तपासून घेईन. ड्रायव्हर रोज निघण्याआधी गाडीभोवती फेरी मारून टायर, नट, दिवे, हवेची गळती बघेल आणि जे सापडेल ते लिहून देईल. देखभालीचे हे कागद किमान 15 महिने जपून ठेवीन. ओव्हरलोड नेणार नाही. ड्रायव्हरचे तास पाळीन: साडेचार तास चालवलं की 45 मिनिटं विश्रांती.

कमिशनरसमोरच्या सुनावणीत निम्मा वेळ जातो तो याच कागदांत. तिथली एक गंमत सांगतो. गंमत म्हणजे करुण गंमत. ड्रायव्हरच्या रोजच्या तक्त्यावर आठवडाभर ओळीनं टिक: दोष नाही, दोष नाही, दोष नाही. आणि आठवड्याच्या शेवटी वर्कशॉपचा कागद म्हणतो, टायर गुळगुळीत, मागचा दिवा फुटलेला, हवा गळते. आता दिवा काय शनिवारीच फुटला? टायर एका रात्रीत गुळगुळीत झाला? टिका डेपोतच, चहा पिता पिता झालेल्या असतात. फक्त ड्रायव्हरवर बोट दाखवून इथे सुटका होत नाही. पुढचा प्रश्न मालकाला येतो: हे दोन कागद तुम्ही कधी शेजारी ठेवून पाहिले का?

कमिशनर कोणाला तुरुंगात टाकू शकत नाही, दंडही करू शकत नाही. तो परवान्याला हात घालतो. ताकीद देईल, दहा गाड्यांचा परवाना सहावर आणेल, काही आठवडे स्थगित करेल, रद्द करेल, किंवा त्या माणसाला या धंद्यातूनच अपात्र ठरवेल. त्यावर न्यायाधिकरणात अपील करता येतं. जुन्या अपिलांमधून दोन प्रश्न घडत आले, आणि आजही प्रत्येक गंभीर सुनावणीत ते समोर ठेवले जातात. हा मालक पुढे नियम पाळेल, याची शक्यता किती? आणि याचं वागणं असं आहे का, की याचा धंदा बंदच व्हायला हवा?

परवाना रद्द झाला, की दोन महिन्यांनी बायकोच्या, भावाच्या नाहीतर मेहुण्याच्या नावानं नवा अर्ज येतो. हे इंग्लंडातही चालतं, आपण उगाच वाईट वाटून घ्यायला नको. फरक इतकाच, की नवा अर्ज आला की तिथे विचारतात: गाड्या त्याच, जागा तीच, मग स्टीअरिंग नक्की कोणाच्या हातात?

एक गोष्ट मात्र लपवून चालणार नाही. लॅन्सडाउन लेनवर चार जण गेले, ते ही सगळी पद्धत अस्तित्वात असताना गेले. परवान्यानं ब्रेक लागत नाहीत.

[दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. वाफेचं इंजिन, लाकडी हौद्याच्या लॉऱ्या.]

ही पद्धत काही सुरक्षिततेच्या काळजीतून जन्मली नाही. ती जन्मली रेल्वेच्या पोटदुखीतून. पहिल्या महायुद्धानंतर रस्त्यावर लॉऱ्या वाढल्या आणि रेल्वेचा माल पळवू लागल्या. 1930 च्या कायद्यानं बसगाड्यांसाठी ट्रॅफिक कमिशनर आणले, आणि 1933 च्या कायद्यानं लॉऱ्याही त्यांच्या ताब्यात दिल्या. ए, बी आणि सी असे तीन परवाने. दुसऱ्यांचा माल वाहायचा तर ए, फक्त स्वतःचा तर सी, दोन्ही थोडं थोडं करायचं तर बी. भाड्याच्या धंद्यात नवी लॉरी घालायची, तर तिची गरज सिद्ध करा, आणि रेल्वे कंपनी समोर हरकत घ्यायला बसलेली.

भारतात याच वळणाचा कायदा आला 1939 मध्ये. मोटार वाहन कायदा. त्यातही दोन जाती होत्या: दुसऱ्यांचा माल भाड्यानं वाहणारा पब्लिक कॅरियर आणि स्वतःचाच माल वाहणारा प्रायव्हेट कॅरियर. जुन्या ट्रकच्या कपाळावर रंगवलेलं 'पब्लिक कॅरियर' आठवतं? आपल्याला ते 'हॉर्न ओके प्लीज'सारखं सजावटीचं वाटायचं. तो परमिटचा प्रकार होता.

पुढे वाटा फुटल्या. ब्रिटननं 1968 च्या कायद्यानं तो गरज सिद्ध करण्याचा खेळ मोडला. त्याचं विधेयक आणणाऱ्या मंत्री होत्या बार्बरा कॅसल. लॉऱ्या किती, हे बाजार ठरवेल. त्या चालवतो कोण, हे आम्ही तपासू. 1970 पासून ऑपरेटर्स लायसन्स सुरू झालं.

आपण 1988 मध्ये नवा कायदा केला. पब्लिक-प्रायव्हेट गेलं, सरसकट 'गुड्स कॅरेज', म्हणजे मालवाहू गाडी, हा एकच प्रकार आला. परमिट सहजी नाकारायचं नाही, हे धोरण आलं. तेही चांगलंच झालं, कारण परमिटटंचाईत कोणाचे हात ओले होतात हे सांगायला नको. पण मालक कोण, कसा, हा प्रश्न त्या गडबडीत मागेच राहिला.

[दृश्य: कळंबोली. स्टील मार्केटबाहेर ओळीनं उभे ट्रेलर. स्टोव्हवर भात, आरशासमोर दाढी.]

कळंबोलीच्या कुठल्याही ट्रकची फाईल उघडा. आरसी, पासिंग म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक असल्याचा दाखला, विमा, टॅक्स, पीयूसी, नॅशनल परमिट. प्रत्येक कागद गाडीबद्दल बोलतो. नवी गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन वर्षांनी, मग दरवर्षी पासिंग. परमिट पाच वर्षांचं. एकूण वजन तीन टनांपर्यंत असेल, तर परमिट लागतही नाही. मालकाबद्दल या फाईलमध्ये काय आहे? नाव, पत्ता, पॅन.

परमिट देणारी संस्था आपल्याकडेही विभागीयच आहे: प्रादेशिक परिवहन प्राधिकरण. अटी मोडल्या, तर कलम 86 खाली सुनावणी घेऊन ते परमिट रद्द किंवा स्थगित करू शकतं. पण त्याच कलमात एक खिडकी आहे. रद्द करणं आवश्यक वाटलं नाही आणि परमिटधारक पैसे भरायला कबूल झाला, तर ठरलेली रक्कम घेऊन प्रकरण मिटवता येतं. आणि परमिट गेलंच, तरी जातं ते त्या गाडीचं. शेजारच्या नऊ गाड्या संध्याकाळी भरून निघू शकतात.

[दृश्य: रात्र. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरणारे दिवे.]

हा आपला लॅन्सडाउन लेन. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री या उतारावर एका ट्रकनं वीसहून जास्त गाड्यांना धडक दिली. चर्चा झाली ती दोन गोष्टींची, उताराची आणि ड्रायव्हरची. उतारावर गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवण्याची सवय सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ती घातक आहे यात वाद नाही. पण वाचवलेलं डिझेल जातं कोणाच्या हिशेबात? खेपेला डिझेल मोजून देतो कोण? त्या ड्रायव्हरला आदल्या रात्री झोप मिळाली का, हे कोणाच्या वहीत लिहिलेलं असतं?

आपला कायदा याबाबत अगदीच गप्प आहे, असं मात्र नाही. या फिल्मसाठी कलमं चाळताना आम्हीही चकित झालो. 1988 च्या कायद्याचं कलम 77, गुड्स कॅरेज परमिटचा अर्ज. अर्जात काय काय असावं, याची तिथे यादी आहे. कोणता मार्ग, कोणती गाडी, कसला माल. आणि चौथ्या जागी: गाडी ठेवण्याची, तिच्या देखभालीची आणि दुरुस्तीची व्यवस्था काय करणार. त्याच्या पुढचा मुद्दा: यापूर्वी मालवाहतुकीचा धंदा केला असेल, तर त्याचा तपशील, प्राधिकरण मागेल तसा.

[दृश्य: कायद्याच्या पुस्तकाचं पान. कलम 77. बोट चौथ्या ओळीवर थांबतं. मागे ट्रेलर सुरू झाल्याचा आवाज, हवा सुटल्याचा फुस्स.]